भोये नावाचा तिसरा ड्रायव्हर

देवराम भोये यांच्या हातून आयुष्यात एकच फॉर्म चुकला, आणि तो नेमका ऑस्ट्रेलियाला गेला.

जव्हारच्या एस.टी. डेपोत एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या माणसाचा फॉर्म चुकावा, हे गावात कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं. देवरामांची ख्यातीच तशी होती. बोलण्यात मात्र त्यांची अजिबात ख्याती नव्हती. डेपोच्या कर्ण्यावरून ते गाडी पुकारत तेव्हा प्रवासी खिडकीशी येऊन विचारत, "आत्ता काय म्हणालात?" पण कागद हातात आला की माणूस वेगळाच व्हायचा. निवृत्तीनंतर ते पुस्तकं वाचत आणि आपण वाचलेलं आपल्याला कळलं का, याची काळजी करत.

त्यांची मुलगी मंजुषा गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. दोन हजार आठ साल होतं. ब्रॉडबँड नावाची वस्तू नुकतीच घाट चढून वर आली होती, आणि क्लासला सुट्टी असली की मंजुषा घरी टेलिफोनच्या त्या तारेवरून गाड्यांच्या शर्यती खेळायची. देवरामांनी सुरुवातीला तिकडे लक्ष दिलं नाही. मग एका रविवारी ते तिला चहा द्यायला आत गेले आणि चहा निवून साय धरेपर्यंत तिथेच उभे राहिले.

पडद्यावर ऑस्ट्रेलियातला एक डोंगर होता. डोंगरावरून अरुंद रस्ता, अल्याडपल्याड भिंती, आणि त्यातून अडतीस गाड्या चाललेल्या. बाजारात मिळतात तशाच चार दारांच्या, फक्त पोटातून शर्यतीसाठी बदललेल्या. प्रत्येक गाडीत खरा माणूस होता, म्हणजे आपापल्या घरी खुर्चीवर बसलेला. एक फिनलंडमध्ये, एक ब्राझीलमध्ये, एक न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांच्या वाड्याशेजारी. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. तरी वळणावर दोन गाड्या वीतभर अंतरावरून जायच्या आणि एकमेकींना लागायच्या नाहीत. जव्हारच्या स्टँडवर दोन सख्खे भाऊ एका गाडीत धक्का न मारता चढलेले देवरामांनी एकतीस वर्षांत पाहिले नव्हते. आणि ह्या सगळ्यात आपली मुलगी, केस वर बांधून, ओठ मिटून, टेबलाला आवळलेलं ते स्टिअरिंग दोन बोटांनी फिरवत होती. घरात भांडं पडलं तरी दचकणारी हीच ती, हे देवरामांना स्वतःला समजावून सांगावं लागलं.

त्या डोंगरावर फेब्रुवारीत सहा तासांची मोठी शर्यत होती. एका गाडीला तीन ड्रायव्हर, आळीपाळीने बसायचं, प्रत्येकाने निदान एक तास चालवलीच पाहिजे, आणि सहा तास संपताना गाडी रस्त्यावर चालती असली पाहिजे. मंजुषाची टीम याआधी दोनदा अर्ध्यात गारद झाली होती. एकदा चौथ्या तासाला भारनियमन आलं, एकदा मोखाड्याच्या अलीकडे कुठेतरी टेलिफोनची तार तुटली. आता तिसऱ्यांदाही शर्यत पुरी झाली नाही तर नियमाप्रमाणे स्पर्धकांच्या यादीतून नाव जाणार होतं. गावात तिला 'कंट्रोलरची मुलगी' म्हणत किंवा 'क्लासवाल्या बाई'. त्या यादीत मात्र एका फेरीच्या वेळेत ती अडतिसांत चौथी होती, आणि तिथे तिला कुणी लग्नाचं विचारत नव्हतं. ती जागा तिला गमवायची नव्हती. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. देवरामांना ते तिच्या पाठीकडे बघून कळलं.

फॉर्म भरायच्या दिवशी तिला ताप होता. ती पांघरुणातून म्हणाली, "बाबा, तेवढी नावं भरून टाका. तुमचा हात बसलेला आहे."

देवरामांनी चष्मा पुसला. पडद्यावर एका ओळीत तीन रिकामे चौकोन होते आणि वर इंग्रजीत काहीतरी बारीक लिहिलं होतं. आता एका ओळीत तीन चौकोन म्हटल्यावर ते कशाचे, हे रेशनकार्डापासून पेन्शनच्या कागदांपर्यंत सगळं भरलेल्या माणसाला का वाचावं लागतं? पहिलं स्वतःचं नाव, दुसरं वडिलांचं, तिसरं आडनाव. त्यांनी सुवाच्य टायपिंग करून लिहिलं: मंजुषा. देवराम. भोये. तीनदा तपासलं आणि पाठवून दिलं.

आठवड्याने यादी आली. गाडी क्रमांक सत्तावीस, टीम जव्हार. ड्रायव्हर तीन: श्रीयुत मंजुषा, श्रीयुत देवराम आणि श्रीयुत भोये.

खरे ड्रायव्हर वेगळेच होते. मंजुषा तर होतीच. दुसरा बुधा गावित, एस.टी.चा निवृत्त चालक, अठ्ठावीस वर्षं मोखाड्याच्या घाटात गाडी चढवली-उतरवली. निवृत्तीनंतर हाताला चाक नाही म्हणून आजारी पडल्यासारखा झाला होता. मंजुषाने एकदा स्टिअरिंगसमोर बसवला आणि तो बरा झाला. तिसरा कमलेश, मंडप, लाउडस्पीकर आणि जनरेटरवाला. जीप अशी चालवायचा की मागे वणवा लागलाय. आता ह्यातल्या दोघांची नावंच यादीत नव्हती.

देवरामांनी शब्दकोश उघडून संयोजकांना दोन पानी पत्र लिहिलं. 'भोये हे आमचे आडनाव असून त्या नावाचा स्वतंत्र इसम अस्तित्वात नाही,' असं नमूद केलं, बुधा आणि कमलेश ही खरी नावं कळवली आणि झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला. उत्तर फार सभ्य आलं. एका टीमला एकच बदल करता येतो. तेव्हा श्रीयुत भोये यांना दुःखाने निरोप देऊन त्यांच्या जागी श्रीयुत बुधा यांना घेत आहोत. श्रीयुत देवराम तरी अस्तित्वात आहेत का, कळवावे. देवरामांनी एक रात्र विचार केला आणि 'होय' असं कळवलं.

म्हणजे एक तास गाडी त्यांना चालवावी लागणार होती. त्यांना सायकलही येत नव्हती.

बुधा म्हणाला, त्यात काय एवढं, कमलेशला बसवायचं आणि देवराम म्हणून सांगायचं, तिथं समुद्रापल्याड कोण बघतंय. कमलेशलाही ते पटलं. देवराम खाली बघत राहिले. ज्या चालकाची ड्यूटी नाही त्याचं नाव त्यांनी एकतीस वर्षांत नोंदवहीत घातलं नव्हतं. एकदा डेपो मॅनेजरच्या मेव्हण्यासाठी सांगितलं होतं तेव्हाही नाही. आता नाही म्हणायला त्यांना तोंड वर करवेना, आणि हो म्हणायलाही. शेवटी मंजुषानेच सांगितलं, "बाबांचं नाव आहे, तर बाबाच चालवतील." आणि मग हळूच विचारलं, "जमेल ना?" देवराम म्हणाले की ते वाचून बघतील.

कमलेशला राग आला. ज्या टीममध्ये आपलं नाव नाही तिथे आपला जनरेटर कशाला, असं म्हणून त्याने त्या रविवारची मोखाड्याच्या लग्नाची सुपारी घेतली आणि जनरेटर तिकडे लावून दिला. झालं. आता शर्यतीच्या दिवशी भारनियमन आलं तर गाडी डोंगरावर जागच्या जागी विझणार.

देवरामांनी अर्ज केला. रविवारी सकाळी साडेसात ते दीड आमच्या आळीतला वीजपुरवठा खंडित करू नये, कारण: शर्यत. इथे त्यांनी 'मुलीचं काम' असं लिहिलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहायचं असतं. विजेच्या टेबलावरच्या साहेबांनी अर्ज वाचून विचारलं की शर्यतीची परवानगी कुठे आहे. सार्वजनिक कार्यक्रम असेल तर वीज चालू ठेवता येते, पण परवानगी हवी. परवानगी दुसऱ्या कचेरीत. नाव कशाला घ्या; कचेरीला नाव असतं, टेबलाला नसतं. त्या टेबलाकडे शर्यतीचा एकच छापील नमुना होता, बैलगाडीच्या शर्यतीचा.

देवरामांनी अत्यंत हळू आवाजात सांगितलं की ह्या शर्यतीत बैल नाहीत. गाड्या आहेत, पण त्याही नाहीत. रस्ता ऑस्ट्रेलियात आहे, पण तसा तिथेही नाही. टेबलावरच्या भाऊसाहेबांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, नमुना हाच आहे. भरता येईल तेवढं भरा." देवराम मास्तर नव्हते, पण लाजून त्यांनी तेही दुरुस्त केलं नाही. त्यांनी भरलं. बैलांची संख्या: निरंक. पशुवैद्यकीय दाखला: लागू नाही. धावपट्टीची लांबी: सहा किलोमीटर दोनशे मीटर. स्थळ: राहते घर. परवानगी मिळाली, आणि तिच्या जोरावर विजेचा अर्जही मंजूर झाला. तिची एक प्रत नियमाप्रमाणे कचेरीबाहेरच्या फळ्यावर लागली, हे देवरामांना माहीत नव्हतं.

मग सराव. देवरामांनी त्या डोंगराची वही केली. तेवीस वळणं, प्रत्येकाला एक ओळ, कुठे ब्रेक, कोणता गिअर, डावीकडची कोणती खूण. वही आठ दिवसांत पाठ झाली. गाडी मात्र तिसऱ्या वळणावर रोज भिंतीत जायची. रात्री जेवण झाल्यावर ते स्टुलावर बसत, हातात ताट धरत, आणि त्यांची बायको गोदा पाटावर बसून वही वाचत असे. "वळण नववं. चढ. तिसरा गिअर. उजवीकडे पांढरी भिंत, तिला भ्यायचं नाही." हे शेवटचं वाक्य वहीत नव्हतं, ते गोदाचं. शेजारच्या चंदावहिनी दारातून बघत आणि म्हणत, भावजी, ताट आडवं धरा, खरकटं सांडतंय. त्यांनी सांगितलं की त्यांचा भाऊ गाडी शिकला तेव्हा आधी म्हशीवर बसायचा, त्याने भीती मोडते. तिसऱ्या घरच्यांनी सल्ला दिला की सकाळी भात खाऊ नये. देवरामांनी भात सोडला. म्हैस राहिली.

रविवार उजाडला. साडेसातला अडतीस गाड्या सुटल्या. पहिले दोन तास मंजुषाने चालवली आणि सहाव्या नंबरवर आणली. मग बुधा बसला. बसायच्या आधी त्याने स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला, मागे वळून जणू प्रवासी बघितले, आणि असा निघाला की इंजिनालाही कळू नये. त्याने ना घाई केली ना कुणाशी हट्ट. एस.टी.त दर लिटरला किती किलोमीटर काढले, यावर चालकाची पत. तेव्हा त्याचा पाय इतका हलका, की बाकीच्यांचं पेट्रोल संपून ते थांबले तरी बुधा अजून फिरतोच आहे. मंजुषा कागदावर आकडे मांडत होती आणि तिला आपल्याच आकड्यांवर विश्वास बसत नव्हता.

तेवढ्यात बाहेर घंटा वाजायला लागल्या. गोदा खिडकीशी गेली आणि तिथेच थबकली. आळीत बैल होते. चांगल्या चार जोड्या, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगुरमाळा. बरोबर साखरशेत गावची पंधरा-वीस माणसं. पुढे लहान्या नावाचा उंच शेतकरी. त्यांनी फळ्यावरचा कागद वाचला होता. भोये कंट्रोलरच्या घरी शर्यत, सहा किलोमीटरची. त्यांच्या आठवणीत एवढी लांब शर्यत कुणी ठेवली नव्हती, म्हणून पहाटेच निघून आले होते. धावपट्टी कुठाय, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

गोदाने खिडकीतून पडदा दाखवला. लहान्या बराच वेळ बघत राहिला. मग त्याने मागच्यांना सांगितलं, "बैलं नाय. लोखंडाची हाय. पण शर्यत खरी हाय, बसा." आणि ती माणसं, बैल खांबाला बांधून, खिडकीखाली बसली. थोड्या वेळाने कचेरीचा शिपाई पाहणीला आला. कार्यक्रम होत नसेल तर वीज चालू ठेवायचं कारण नव्हतं, तेव्हा तो खरंच होतोय का हे त्याला बघायला सांगितलं होतं. त्याने बैल मोजले, 'शर्यत सुरू' असं लिहिलं आणि गेला. निरंक लिहिलेल्या बैलांनी वीज वाचवली, ह्याचा देवरामांना आनंद व्हायला हवा होता. पण त्या वेळी ते खुर्चीवर बसत होते.

त्यांचा तास सुरू झाला.

सरावात मंजुषाने रस्त्याचे हादरे हाताला देणारी स्टिअरिंगची थरथर त्यांच्यासाठी बंद ठेवली होती. आज घाईत ती चालू राहिली. गाडी निघाली आणि देवरामांच्या तळहातात रस्ता आला. खडी, उतार, चाकाखालचा पांढरा पट्टा, पुढची चाकं सुटू बघतात तेव्हाचा तो पोकळ हलकेपणा, सगळं हातात. त्यांना वाटलं, आपण एकतीस वर्षं पुस्तकाची पाठची बाजू बघत होतो. रोज शेकडो माणसं अशी हातात घेऊन चालक आपल्या खिडकीशी यायचे, आणि आपण वर न बघता विचारायचो, किती वाजले. तिसरं वळण गेलं. भिंत जागेवरच राहिली. मागून वेगवान गाड्या आल्या की देवराम डावीकडे सरत आणि वाट देत. सगळेच वेगवान होते, त्यामुळे ते बहुतेक डावीकडेच होते. सहावा नंबर पंधरावा झाला, पंधराचा तेविसावा.

नवव्या वळणाचा चढ चढताना ते नजर न हलवता म्हणाले, "बुधा, एकोणनव्वद साली मी तुला मेमो दिला होता. बारा मिनिटं उशीर. कारण मी चालकाची दिरंगाई लिहिलं."

"पुढं बघ, कंट्रोलर. भिंत हाये."

"घाटात धुकं होतं ना त्या दिवशी?"

"दरड होती. पुढं बघ."

चाळिसाव्या मिनिटाला पडद्यावरच्या गाड्या उड्या मारू लागल्या. समोरची गाडी दिसे, नाहीशी होई, आणि एकदम पलीकडच्या वळणावर निघे. मंजुषाने ओळखलं. लाइन हलत होती. तुटली की सगळं संपलं. बुधाने खिडकीतून बाहेर पाहिलं. लहान्याचा एक बैल टेलिफोनच्या खांबाला मान घासत होता. तब्येतीने, डोळे मिटून. खांब डुलत होता आणि वरची तार झोका घेत होती.

लहान्याने त्याला ओढलं तर तो शेजारच्या जोडीवर धावला, आणि सोडला की पुन्हा खांबाकडे. शेवटी गोदा बाहेर गेली. शेतकऱ्याची मुलगी ती. तिला माहीत होतं की बैलाला ओढून उपयोग नसतो, त्याला खाज आहे, ती कुणीतरी भागवायला हवी. तिने वेसण धरली, स्वयंपाकघरातली करवंटी घेतली आणि बैलाची मान खाजवायला लागली. खांब स्थिर झाला. हात थांबला की बैल खांबाकडे बघे. तेव्हा गोदा थांबली नाही.

मधली ती पाच मिनिटं देवरामांनी कशी काढली हे त्यांना नंतर सांगता आलं नाही. दिसणाऱ्या गाड्या खऱ्या नव्हत्या आणि खऱ्या दिसत नव्हत्या. त्यांनी वही आठवली. नववं, तिसरा गिअर. दहावं, डावीकडे झाड. प्रत्येक फेरीत तीच जागा, तोच ब्रेक, तेवढाच वेग, एखाद्या वक्तशीर गाडीसारखा. पडद्याच्या कोपऱ्यात लोक एकमेकांना दोन-दोन शब्द लिहीत होते. मंजुषाने एक ओळ वाचून दाखवली. फिनलंडच्या माणसाने लिहिलं होतं: सत्तावीस नंबरच्या जवळून बिनधास्त जा, तो कुठे असेल ते आधीच कळतं.

देवरामांना हे कौतुक आहे की टोमणा ते ठरवता आलं नाही. त्यांनी दहावं वळण घेतलं.

साठ मिनिटं भरली. ते उठले तेव्हा खुर्ची त्यांच्याबरोबर उठली, इतका सदरा चिकटला होता. मंजुषा बसली आणि पुढचे दोन तास घरात कुणी मोठ्याने श्वास घेतला नाही. गोदा तेवढा वेळ बाहेर होती. हात बदलून, करवंटी बदलून. चंदावहिनींनी मधून तिला पाणी पाजलं आणि बैलालाही. पेट्रोलासाठी मंजुषाला इतरांपेक्षा एकदा कमी थांबावं लागलं, ते बुधाच्या पायाचं पुण्य. तरी गेलेले नंबर काही सगळे परत आले नाहीत.

दीडला झेंडा पडला. अडतीसपैकी सव्वीस गाड्या शेवटपर्यंत चालत्या होत्या. सत्तावीस नंबरची गाडी सतरावी.

मंजुषाने स्टिअरिंगवरून हात काढले. तिचं नाव यादीत राहणार होतं. तिने उठून बापाला त्या खुर्चीत बसवलं. शर्यत संपली की सगळ्या गाड्या सावकाश एक फेरी मारून परत येतात, ती कुणी चालवली तरी चालते, असं तिने सांगितलं. देवराम 'मला कशाला' म्हणेपर्यंत गाडी चालू लागली होती.

डोंगर आता निवांत होता. मागून एक गाडी शेजारी आली, जरा रेंगाळली, दिव्यांची उघडझाप केली आणि पुढे गेली. मग दुसरी. मग तिसरी. प्रत्येकजण तेच करत होता.

"काय म्हणतायत?" देवरामांनी विचारलं.

बुधा म्हणाला, "आपण घाटात समोरच्याला देतो ना, तसं. बघितला तुला, म्हणतायत."

देवरामांना तेवीस वळणं पाठ होती, पण दिव्यांचं बटण कुठलं ते वहीत नव्हतं. आणखी एक गाडी शेजारी आली. काहीतरी उत्तर तर द्यायला हवं होतं. मग त्यांनी स्टिअरिंगवरचा उजवा हात उचलला आणि पडद्यापुढे, कुणाला कधी दिसणार नाही असा, खांद्याइतका वर धरला.

गाडी पुढे निघून गेली. खिडकीखाली बसलेल्या साखरशेतच्या पंधरा-वीस माणसांनी तो हात पाहिला, आणि त्यांनी आपले हात वर केले.